उमेदवार सोडून सगळे

आमचा कोहळी समाज तलाव बांधणारा. ही माहिती मी घरी आलेल्या पाहुण्याला चहाचा कप हातात पडायच्या आत देतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे जुना तलाव दिसला की समजायचं, कोण्या तरी कोहळ्यानं पाळ घातली असणार. माझ्या आजोबांच्या गावचा तलाव तर एवढा मोठा, की भर उन्हाळ्यातही त्यात म्हशी आरामात डुंबतात. अशा घराण्यात जन्मलेला मी, पुनाराम डोंगरवार, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो, गोंदियाजवळ मुर्रीच्या पुढे चिचटोला ग्रामपंचायतीच्या हद्दीत आदर्शनगर नावाच्या लेआउटमध्ये घर बांधलं, आणि आता दर पावसाळ्यात माझ्या फाटकासमोर घोट्यापर्यंत पाणी साचतं. पूर्वजांना पाणी अडवायला पिढ्या खपवाव्या लागल्या. आमच्याकडे ते काही न करता अडतं.

"तुमच्या घराण्याची कीर्ती गेटाजवळ साचून राहिली," असं आमच्या सुशीलाबाई म्हणतात. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझी स्तुती केली ती एवढीच, आणि तीही पायातली चप्पल हातात घेऊन.

म्हणून मी नालीचा प्रश्न हातात घेतला. आदर्शनगर विकास समिती नावाची एक संस्था आम्ही काढली. मी सचिव. नकाशा मीच काढला, कारण पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं इतरांचे नकाशे फाइलला लावून लावून माझा हात त्यात चांगला बसला होता. नाली माझ्या फाटकापासून निघणार, कॉलनीतून वळत खाली जाणार आणि गोंडटोल्याच्या बोडीत उतरणार. बोडी म्हणजे लहानसा तलावच. उतार तिकडेच, अंतर कमी, आणि बोडीला तरी काय, पाणीच हवं असतं, असं आमचं सर्वांचं मत पडलं. टोला, म्हणजे गोंडांची ती वस्ती, माझ्या गच्चीवरून दिसतो. पण त्याचं मत घ्यावं असं गच्चीवर उभं असताना कधी वाटलं नाही.

कामाला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, आणि ठरावाला आपला मेंबर लागतो. आपला मेंबर आम्हाला नेहमीच असायचा. एकदा कोहळी, एकदा पवार, अशी पाळी ठरलेली होती आणि त्याला आम्ही सामाजिक समतोल म्हणत होतो. टोल्यातली गोंड माणसं मतदानाला सकाळी लवकर रांगेत उभी राहायची आणि आमच्यापैकी कोणाला तरी निवडून द्यायची. त्यांच्यातलं कोणी उभं राहावं हे कोणाला सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं, हेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग आरक्षणाची सोडत निघाली, आणि आमच्या प्रभागातली जागा अनुसूचित जमातीच्या महिलेसाठी राखीव झाली.

ही बातमी शेजारचे नंदलाल बिसेन घेऊन आले. बिसेन पवार समाजाचे, धानाचे व्यापारी, आणि सल्ला द्यायला त्यांना विषय लागत नाही. या खेपेला पाळी त्यांच्या हेमेंद्रची होती. पोराचे कुर्तेसुद्धा शिवून झाले होते.

"डोंगरवारजी, आता एकच उपाय आहे," ते माझ्या ओट्यावर बसत म्हणाले. "आपलं ऐकणारी बाई शोधा."

हा ओटा इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे. घरासमोर कुंपणाच्या बाहेर मी एक छानसा ओटा बांधला आहे, काळ्या कडप्प्याचा, पाठ टेकायला जागा असलेला. संध्याकाळी त्यावर बसलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस नमस्कार करतो. निवृत्त माणसाला याहून जास्त काय हवं असतं.

गावातली गिट्टी-सिमेंटची कामं घेणारे भैयाजीही त्या संध्याकाळी ओट्यावर आले. "टेन्शन काहे का, डोंगरवारजी? कोई सीधी-सादी बाई देख लो. साइन करना आता हो, बस. बाकी अपन बैठे हैं ना."

सीधी-सादी बाई शोधायला फार लांब जावं लागलं नाही. टोल्यातली एकच बाई आम्हा कॉलनीवाल्यांना नावानं माहीत होती, ती म्हणजे नंदाबाई मरसकोल्हे. ती आमच्याकडे आणि बिसेनांकडे भांडी घासते. इतकी वर्षं झाली, माझ्यासमोर तिनं तोंड उघडलेलं मला आठवत नाही. चहा हवा का विचारलं तर मान हलवते, सुटी हवी असेल तर सुशीलाला सांगते. समितीच्या बैठकीत हाच तिचा सगळ्यात मोठा गुण ठरला.

"ते तुमच्यासमोर बोलत नाही," सुशीला आतून म्हणाली. "माझ्यासमोर बोलते. तुमच्याबद्दलच बोलते."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मोरीपाशी उभा राहून, जमेल तेवढ्या गंभीर आवाजात मी विचारलं, "नंदाबाई, तुम्ही मेंबर व्हाल का?"

तिनं हातातली कढई खाली ठेवली. सुशीलाकडे पाहून म्हणाली, "टोल्याले इचारा लागन, बाई."

मला हे थोडं लागलं. आमच्या घरात उभं राहायचं की नाही ते माणूस स्वतः ठरवतो आणि पडल्यावर घरच्यांना विचारतो. पण टोल्याची रीत वेगळी आहे. तिथं असं काही ठरवायचं तर सगळे एकत्र बसतात आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत उठत नाहीत. त्या बैठकीला मी आणि बिसेन गेलो. बोडीच्या काठावर मोहाचं झाड आहे, त्याखाली आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. बाकी सगळे खाली बसले. बायाही होत्या, आणि बाया जास्त बोलत होत्या. सगळं बोलणं गोंडीत. मधूनच सगळे हसायचे. हसताना आमच्याकडे कोणी पाहत नव्हतं, ही त्यांची सभ्यता.

"काय म्हणतात?" मी बिसेनांना हळूच विचारलं.

"मला काय माहीत. तुम्ही मान हलवत राहा. आपण त्यांच्या बाजूचे आहोत असं वाटलं पाहिजे."

मी मान हलवली. ते हसले की हसलो, गंभीर झाले की गंभीर झालो. ऊन मोहावरून उतरून माझ्या टकलावर येईपर्यंत मी मान हलवत होतो. शेवटी टोल्याचे म्हातारे पटेल उठून आमच्याकडे वळले आणि आम्हाला कळेल अशा भाषेत म्हणाले, "ठरलं जी. नंदाबाई नाही. तिची सून रमशीला उभी राहीन. तुमाले पसंत हाय का नाही, हे आमी इचारनारच होतो. पन तुमी तं पयलेपासून मान हालवून राहिले."

बिसेन परत येताना वाटेत एक शब्द बोलले नाहीत. माझ्या ओळखीच्या काळात असं प्रथमच घडलं.

ही रमशीला कोण, ते दुसऱ्या दिवशी कळलं. ती "जय सेवा, काकाजी" म्हणत थेट ओट्यापाशी आली. तिचं माहेर नागझिऱ्याच्या अभयारण्याच्या गेटाजवळचं. लग्नाआधी ती तिथं पर्यटकांची गाईड होती, आणि ती सवय तिच्या अंगात मुरली होती. ती कधी मोठ्यानं बोलत नाही. समोरचा जास्त बोलायला लागला की हाताचा पंजा नुसता जरासा वर करते, आणि माणूस आपोआप गप्प होतो, जणू पुढच्या वळणावर काही बसलेलं आहे. समितीची बैठक चालू असताना तिनं तो पंजा बिसेनांवर चालवला. मला तिच्याबद्दल त्या क्षणी आदर वाटला.

यानंतर कागदपत्रांचा हंगाम सुरू झाला. जात सिद्ध करायला लागणारा तिच्या आजोबांचा जुना दाखला देवरी तालुक्यातल्या एका शाळेत होता. आम्ही बसनं गेलो तर हेडमास्तर निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेले. पुन्हा गेलो तर हेडमास्तर होते, पण कपाटाची किल्ली असलेला माणूस साळ्याच्या लग्नाला गेलेला. दाखला मिळाला तेव्हा कचेरीतल्या साहेबांना तो फिका वाटला. मग घरात शौचालय असल्याचा दाखला, ते वापरत असल्याचा दाखला. प्रत्येक खिडकीपुढे मी रमशीलाच्या पुढे उभा राहायचो, कारण सरकारी भाषेत बोलायचं कसं हे मला माहीत. एका खिडकीवर बाबूंनी नाव विचारलं, मी सांगितलं. शिक्षण विचारलं, मी सांगितलं. माहेर विचारलं, तेही मीच सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाईंना बोलता येत नाही काय?"

"येते जी," रमशीला मागून म्हणाली. "काकाजीचं होऊ द्या. मंग मी बोलतो."

बाबू हसले. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मी तिला दिली नाही, हे इथं कबूल केलेलं बरं.

अर्ज मंजूर झाला तशी समितीनं फ्लेक्स करायचं ठरवलं. आमच्याकडे निवडणूक म्हणजे फ्लेक्स. मत कोणाला पडतं ते नंतर कळतं, पण फ्लेक्सवर कोण आहे आणि कोण नाही त्यावरून घरं फुटतात. समितीच्या सगळ्या बैठकांमध्ये मिळून जेवढा वाद झाला नसेल तेवढा कोणाचा फोटो कुठे यावर झाला. बिसेनांना वरच्या रांगेत जागा हवी होती आणि हेमेंद्र त्यांच्या शेजारी हवा होता, भावी नेतृत्व म्हणून. भैयाजींचा फोटो गॉगलमधला होता आणि त्यांना तोच हवा होता. कोणी पासपोर्टचा फोटो दिला, कोणी स्वतःच्या लग्नातला, त्यात नवरीचा अर्धा शालू आलेला. सचिव या नात्यानं मी मधोमध असावं असं ठरलं. मी नको म्हणालो. पुन्हा आग्रह झाला असता तर मी पुन्हा नको म्हणणार होतो, पण तेवढ्यात विषय पुढे गेला. फ्लेक्सवाल्या सोनूनं सगळं संगणकावर बसवलं, आणि कॉलनीचा रस्ता अन् टोल्याची वाट जिथं मिळते तिथं तो फ्लेक्स लागला.

फारच देखणा झाला होता. वर ठळक अक्षरात 'तुमच्या हक्काची उमेदवार', खाली मधोमध हात जोडलेला मी, चेहऱ्यावर सोनूनं आणलेली अशी काही तकाकी, की सुशीलानं दोनदा निरखून पाहिलं. भोवती समिती. त्या सकाळी मी दोनदा दूध आणायला गेलो, वाट तिकडून जाते म्हणून.

रमशीला आली. फ्लेक्ससमोर उभी राहिली आणि डोळे बारीक करून डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत गेली, झुडपात जनावर शोधावं तशी. पाहून झाल्यावर तिनं पुन्हा उजवीकडून डावीकडे पाहिलं.

"काकाजी, मी कोठी आहो?"

मी बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं. बिसेन होते, हेमेंद्र होता, भैयाजींचा गॉगल होता. अर्धा शालूसुद्धा होता. रमशीलाचं नाव होतं, पण अगदी खालच्या पट्टीत, आणि ती पट्टी खांबाला गुंडाळून दोरीनं बांधली होती.

मी सोनूला फोन लावला. तो म्हणाला, "अंकल, मॅडमचा फोटो तं कोनी देलाच नाही."

खरं होतं. फोटो कोणी दिला नव्हता, कारण कोणी मागितला नव्हता. एवढ्या बैठका झाल्या, एवढं भांडण झालं, आणि एकाही माणसाला उमेदवारच राहून गेली हे दिसलं नाही. माझा स्वभाव चूक चटकन मान्य करण्याचा नाही, पण त्या चौकात उभं असताना माझे कान तापले.

रमशीला रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमचा फोटो मस्त आला," आणि कामाला गेली.

प्रकरण इथं थांबलं नाही. रस्त्यानं जाणारे लोक माझं अभिनंदन करू लागले. गोंदियाहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, "क्या डोंगरवार, आदिवासी कब से हो गए?" आणि कोण्या जागरूक नागरिकानं रीतसर तक्रार केली, की राखीव जागेवर एक बिगरआदिवासी पुरुष प्रचार करीत असून त्याच्या फ्लेक्सवर 'हक्काची उमेदवार' असं लिहिलं आहे. मला खुलाशासाठी बोलावणं आलं.

अधिकारी तरुण होते, आणि त्यांना हसू येत नव्हतं. हसू येत असतं तर मला तिथं बसणं सोपं गेलं असतं. रमशीलाही शेजारी बसली होती.

"आपण या जागेचे उमेदवार आहात का?"

"नाही."

"आपण अनुसूचित जमातीचे आहात का?"

"नाही साहेब, मी कोहळी. आमचा समाज तलाव..."

"आपण महिला आहात का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेन उघडून वाट पाहत होते. सरकारी नोकरीत मी असे प्रश्न शेकड्यांनी विचारले होते. ते समोरून कसे ऐकू येतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, की मी, पुनाराम डोंगरवार, सेवानिवृत्त हेडक्लार्क, उमेदवार नाही, अनुसूचित जमातीचा नाही आणि महिलाही नाही. खाली सही केली. तारीख टाकली. माझ्या आयुष्यात मी इतका कमी कधी झालो नव्हतो.

बाहेर आल्यावर मी रमशीलाला म्हणालो, "माणसानं आपण कोण नाही हे लिहून द्यायचं, ही काय पद्धत झाली?"

"तुमाले एकच डाव लिहा लागलं, काकाजी," ती म्हणाली. "आमाले तं दर खिडकीवर लिहून द्या लागते, आमी कोन आहो ते. अना तरी त्याहिले फिकं दिसते."

वाटेत मी तिला रसवंतीवर नेलं. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

आमचा फ्लेक्स उतरला आणि टोल्यानं आपला लावला. त्यावर बोडीच्या पाळीवर उभी रमशीला आणि मागं पाणी, बाकी कोणी नाही. समितीत त्यावर नाराजी झाली, की एवढी मोकळी जागा वाया घालवली. तरीही आम्ही तिला कॉलनीत दोन शब्द बोलायला बोलावलं. सभा माझ्या ओट्यापाशी. बिसेनांनी प्रास्ताविकात नालीचा नकाशा दाखवला आणि ताई निवडून आल्या की पहिला ठराव हाच, असं जाहीर करून टाकलं.

रमशीला उभी राहिली. "नाली कोनाले पायजे?"

सगळ्यांचे हात वर गेले. सुशीलाचाही.

"मलेबी पायजे. पोरं तुमच्या पान्यातूनच शाळेत जातेत. पन ते नाली बोडीत उतरनार नाही. त्या पान्यावर आमचं धान हाय, जनावरं तेच पेतात, मच्छी तेथीच सोडतो. लगनाचं पानी तेथूनच आनतो. तुमच्या मोरीचं पानी तेथी आलं तं टोला कोठी जाईन?"

"अहो, पण नाली कुठं तरी सोडावीच लागेल ना," बिसेन म्हणाले.

"सोडू ना जी. सडकेच्या कडेनं नाल्यापर्यंत नेऊ."

"सडकेच्या कडेला जागा कुठं आहे?"

रमशीलानं पंजा वर केला. सभा शांत झाली. मग ती तिच्या त्या दबक्या गाईडच्या आवाजात म्हणाली, "उजवीकडे पाहा."

सगळ्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथं माझा ओटा होता, आणि ओट्यावर मी होतो.

"डावीकडे पाहा." बिसेनांच्या गाडीचा उतार आणि त्यांच्या मिसेसचा गुलाबांचा वाफा. "पुढे पाहा." माना पुढे झाल्या. कॉलनीभर कुंपणाबाहेर सरकलेले ओटे, पायऱ्या, नळ, तुळशी, एका ठिकाणी कुत्र्याचं घर. "हे सारं सडकेचं हाय. अना नाली सडकेनंच जात असते."

मग ती माझ्याकडे वळली. "काकाजी, तुमी तलाववाले. काकीनं सांगतलं मले. तुमच्या आज्याच्या तलावात कोनी नाली सोडतो म्हनला असता, तं आजा काय म्हनला असता?"

आजोबा मला स्पष्ट दिसले. पाळीवर कोणी नुसता थुंकला तरी ते काठी घेऊन उतरायचे. म्हशीला परवानगी होती, माणसाच्या घाणीला नव्हती. ज्या तलावावर मी आयुष्यभर पाहुण्यांसमोर ऐट मिरवली, त्याच्या पाळीवर मी एक टोपलं माती टाकलेली नाही. आणि पहिली नाली काढली ती दुसऱ्याच्या बोडीकडे.

"काठी काढली असती," मी म्हणालो.

सभा तिथंच मोडली. बिसेनांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मीच त्यांच्या गुलाबात नाली सोडली होती. भैयाजी मात्र शांत होते. "मैंने तो पहले ही कहा था, सीधी बाई देखो. कोई बात नहीं. अपन ने एक और फारम भरवा के रखा है." ती दुसरी उमेदवार त्यांच्या ट्रॅक्टरवाल्याची बायको. गोंडच, गावच्या दुसऱ्या टोकाची. तिला कोणी पाहिलं नव्हतं आणि तिलाही कोणी काही विचारलं नव्हतं. समितीनं तिला पाठिंबा द्यायचा, आणि सचिवानं घरोघर जाऊन ते सांगायचं, असं ठरलं.

सचिव दोन दिवस ओट्यावर बसून राहिला. खरं सांगायचं तर मला माझा ओटा फार प्रिय आहे. नोकरीत मला कोणी खुर्ची दिली नाही, टेबलामागचा स्टूल दिला. या ओट्यावर बसलं की मी कोणी तरी असतो. रमशीला निवडून आली की हा जाणार. ती पडली तर राहणार, आणि माझं पाणी बोडीत जाणार. इतकं सोपं गणित माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि इतकं अवघडही.

"ओटा गेला तं खुर्ची टाकून बसा," सुशीला तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "बोडी गेली तं ते काय टाकून बसतीन?"

मी उठलो आणि घरोघर गेलो. पण मत रमशीलाला मागितलं. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी फाटक उघडलं नाही. बिसेन जाळीच्या दारामागून बोलले, "डोंगरवारजी, तुम्ही खरंच लिहून दिलं होतं ना, की तुम्ही उमेदवार नाही?" इतक्या वर्षांचा शेजार, आणि त्यांनी मला आत या म्हटलं नाही. मला ते फार लागलं. अजून लागतं.

मतदानाच्या दिवशी टोला नेहमीसारखा सकाळीच रांगेत होता. फरक एवढाच, की या खेपेला बाया नवीन लुगडी नेसून आल्या होत्या. मी त्यांच्या मागे उभा राहिलो.

रमशीला निवडून आली. फार मतांनी नाही, पण आली. कॉलनीतून तिला थोडी मतं पडली होती. कोणाची ते कोणी कबूल करत नाही, आणि सुशीला तर माझं मत विचारून घेते, स्वतःचं सांगत नाही. निकालाच्या दिवशी पहिला हार भैयाजींनी घातला. "अपनी ही बच्ची है," ते सगळ्यांना सांगत होते.

नाली सडकेनं निघाली. सुरुवात माझ्या फाटकापासून, म्हणून पहिला ओटाही माझाच गेला. तोडायला आलेल्या लोकांना मी पाणी दिलं आणि आत जाऊन रेडिओ मोठ्यानं लावला. हळूहळू उतार गेले, पायऱ्या गेल्या. बिसेनांच्या मिसेसचे गुलाब सुशीलानं काढून आमच्या आवारात लावले, आणि ते पाहायच्या निमित्तानं बिसेन एकदा आत आले. सल्ला देऊन गेले, खत कोणतं घालावं याचा.

नाली मोठ्या नाल्याला मिळाली त्या दिवशी बोडीच्या पाळीवर छोटासा कार्यक्रम ठेवला होता. फोटोला सोनू होता. सगळे उभे राहिले आणि मी सवयीनं मधोमध जाऊन हात जोडले. सोनूनं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. कोणाला काही म्हणवेना. रमशीलाचा पंजासुद्धा वर झाला नाही.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. "बाबूजी, सरका ना जरा. बोडी दिसू द्या."

मी वळून पाहिलं. नंदाबाई होती. हसत होती. इतक्या वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी सरकलो. "अजून," ती म्हणाली. मी अजून सरकलो.

फोटो घरी आला तेव्हा सुशीलानं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. "अजी, यात तुमी कोठी आहा?"

मी बोट ठेवून दाखवलं. अगदी कडेला एक कान आहे, एक खांदा आहे आणि जोडलेल्या हातांपैकी एक हात आहे. बोडी मात्र पूर्ण आली आहे. मी तो फोटो बैठकीच्या खोलीत लावला आहे. आता पाहुणे आले की चहा येईपर्यंत ते त्याच्याकडे पाहत बसतात, आणि मी तलावाचं सांगायला सुरुवात करण्याआधीच विचारतात, मधली ती बाई कोण?

आमच्या मेंबर, मी म्हणतो.